पदराला चिकटलेली लोकर

हैदराबादला बदली होताच तहसीलदारसाहेबांनी चपट्या तोंडाचा विलायती कुत्रा केजच्या कडूबाई धनगरणीला देऊन टाकला. तो मोठ्यानं घोरायचा. तिला ते आवडायचं; वारलेला नवरा हरिबा असाच घोरायचा. उन्हाळ्यात कुत्रा धापा टाकत कोसळला, तशी ती त्याला उचलून जनावरांच्या दवाखान्यात धावली. तिथल्या सलोतऱ्यानं तिच्या पदराला चिकटलेली लोकर कुत्र्याच्या नाकाशी धरली. लोकर हलेना. “अम्मा, हे घोरणं न्हाई, गुदमरणं हाय. नाकपुड्या लई बारीक हायत.” गुंगी देऊन त्यानं नाकपुड्या कातरून रुंद केल्या. दुपारी कुत्रा तिच्या मांडीवर झोपला, पण आवाजच येईना. “घोर की रं!” हरिबाचं घोरणंही असंच थांबलं होतं; तेव्हा तिनं नाकाशी धरलेली लोकर हललीच नव्हती. आता पदराची लोकर तिनं मांडीवर कुत्र्याच्या नाकापुढं ठेवली. ती भुर्रकन उडाली.