अर्धा सेकंद

शाळेत असताना बाईंनी केलेला चारशे मीटरचा विक्रम अजून कुणी मोडला नव्हता. आता त्याच मैदानावर त्या मुलींना पळायला शिकवत. आज एक जुनी विद्यार्थिनी लेकीला घेऊन आली.

"बाई, हिला तयार करा. मला सरावात तुमच्या विक्रमापेक्षा अर्धा सेकंद जास्तच लागायचा. बाबा म्हणाले, मग स्पर्धेला जाऊन काय दिवे लावणार? बस घरी. बसले."

"अगं, छान पळायचीस तू."

"आता नका हो गोड बोलू! तुम्ही कधी खोटं कौतुक केलं नाहीत, म्हणून तर हिला तुमच्याकडे आणलं."

बाईंना तिच्याकडे बघवेना. मुलींच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून त्या प्रत्येकीची वेळ एक सेकंद वाढवूनच सांगत आल्या होत्या.