बाणचा खुराक

"शिकारी कुत्र्याला काहीबाही घालून चालत नाही," असं म्हणून काकांनी काकूंना कामाला लावलं होतं. बाणसाठी रोज उकडलेला खिमा, गाजर आणि अंडी, तेही बिनमिठाचं. रविवारी सगळं दुप्पट, कारण त्या दिवशी तो काकांबरोबर तळ्यावर बदकांमागे धावायचा. काकू कुरकुरत का होईना, सगळं निगुतीने करायच्या. काकाही काही कमी नव्हते, काकूंना त्रास नको म्हणून मारलेलं बदक तिकडेच साफ करून आणायचे.

तरी बाणचं पोट सुटलंच. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला कसंबसं वजनकाट्यावर चढवलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"खुराक अगदी बरोबर आहे, काकू. पण तो धावणाऱ्या कुत्र्याचा आहे. हा धावतो का?"

"धावतो म्हणजे काय, वाऱ्यासारखा धावतो," काका म्हणाले.

"मग सोडा बघू जरा बाहेर."

पट्टा सुटताच बाणने नाक वर केलं, शेपटी ताठ केली. काका हाका मारत राहिले आणि तो डुलत डुलत रस्ता ओलांडून समोरच्या मटणाच्या दुकानापुढे, शिकार दिसल्यासारखा, पुढचा पाय उचलून पुतळ्यासारखा उभा राहिला.


आतून खाटीक सुरा पुसत बाहेर आला. "काय काका, आज बुधवारीच शिकार? बदकं तर रविवारी येतात."