फुंक

मिथुन सरांनी पेटी उघडली, सॅक्सोफोन बाहेर काढला आणि त्याचा माउथपीस खिडकीच्या उजेडात धरला. वरच्या बाजूला दातांच्या दोन खोल खुणा पडल्या होत्या.

"पुष्कळ वाजलाय हा. कोणाचा?"

"बाबांचा," जागृती म्हणाली. "आमच्या आलेवाडीच्या बँडमध्ये वाजवायचे."

सर मूळचे जमशेदपूरचे. तारापूरच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते, सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आणि कोणी आलंच तर सरावलीच्या या एका खोलीत शिकवायचे. जागृतीने बोईसरमधले सगळे क्लास पालथे घातले होते. सगळीकडे गिटार, नाहीतर कीबोर्ड. शेवटी तिच्यासोबत कारखान्यात पॅकिंगला असलेल्या स्नेहाने सरांचं नाव सांगितलं.

"घरात एवढा वाजवणारा माणूस आहे, मग माझ्याकडे कशाला आलीस?"

"त्यांना गळ्याचा कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढलं. आता श्वास इथून घेतात." तिने मानेच्या मुळाशी बोट टेकवलं. "तोंडातून हवा येतच नाही. बोलता येत नाही आणि फुंकताही येत नाही."

सरांनी ड्रॉवरमधून नवी रीड, फुंकल्यावर थरथरणारी वेताची पातळ पट्टी, काढली, पाण्यात बुडवली, माउथपीसला बसवली आणि वाद्य तिच्या गळ्यात अडकवलं.

"गाल फुगवायचे नाहीत. हवा पेट से."

पहिल्या दिवशी नुसती हवा गेली. पुढे चिरकायला लागलं. कामावरून सुटली की ती थेट सरावलीला यायची, ओठ सुजेपर्यंत एकच सूर धरायची आणि शेवटच्या रिक्षाने घरी जायची. वाद्य सरांकडेच ठेवायची. दवाखान्यातून आल्यावर बाबांनी पेटी स्वतःच माळ्यावर टाकली होती आणि त्यानंतर एकदाही वर पाहिलं नव्हतं. ती जाग्यावर नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता तिचा सूर सरळ निघू लागला.

"आता घरी घेऊन जा," सर म्हणाले.

"त्यांना बरं वाटेल की वाईट, तेच कळत नाही."

"मलाही नाही कळत," सर म्हणाले. "पण इथे माझ्यासाठी थोडीच वाजवतेस तू."

रविवारी दुपारी तिचे बाबा, कमलाकांत, भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. आई, हिरा, अंगणात बोंबील वाळत घालत होती. जागृतीने पेटी उघडली, पट्टा गळ्यात घातला, आणि धीर सुटायच्या आत फुंकलं.

सूर घरभर झाला. कमलाकांत उठून बसले. त्यांनी मुलीकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. गळ्याच्या छिद्रावरचा जाळीचा रुमाल भराभर वरखाली होऊ लागला. मग ते उठले आणि तिच्या बाजूने निघून मागच्या दाराने बाहेर गेले.

हिरा ओल्या हातांनीच आत आली.

"ठेव ते. कशाला त्यांचा जीव जाळतेस?"

"मला वाटलं, घरात आवाज आला तर..."

"बोलता येत नाय, ते त्यांनी कसंतरी गिळलं. आता हे पण दाखवतेस त्यांना?"

जागृतीला रडू आलं, पण ती रडली नाही. तिने पट्ट्यात बोट घालून तो मानेवरून वर घेतला, एवढ्यात मागच्या दारात कमलाकांत परत आलेले दिसले. डोळे लाल झाले होते. बाहेर नुसतेच उभे राहिले होते की काय, कोण जाणे.

ते तिच्या जवळ आले. पट्टा पुन्हा नीट तिच्या मानेवर बसवला. तिचा खांदा दाबून खाली केला. मग तळहात ओठांसमोर धरून हवा सोडल्यासारखी खूण केली. तोंडातून हवा काही आली नाही, पण तिला कळलं.

तिने फुंकलं. कमलाकांत तिच्या मागे गेले आणि दोन्ही हात पुढे घेऊन त्यांनी तिची बोटं कळांवरून बाजूला केली. तिथे स्वतःची बोटं ठेवली.

तिच्या एका सुराची चाल झाली. हळदीच्या मांडवात बँड यायचा तेव्हाची ती चाल होती, आणि ती तिच्याच तोंडातून निघत होती. त्यांच्या मानेच्या छिद्रातली गरम हवा तिच्या कानामागे लागत होती. ती जोर करून फुंकत राहिली. बोटं कुठे चालली होती ते तिला ठाऊक नव्हतं. फक्त श्वास पुरवायचा होता.

तो पुरला नाही. चाल अर्ध्यावर आली आणि तिची छाती रिकामी झाली. सूर तुटला.

बोटं थांबली नाहीत. घरात आता कळांचा टपटप आवाज तेवढा होता. वर, खाली, पुन्हा वर. कमलाकांतांनी डोळे मिटले होते, आणि आवाज बंद झाल्याचं त्यांना कळलंय की नाही ते सांगता येत नव्हतं.

जागृतीने आईकडे पाहिलं. हिरा दारातच उभी होती.

"फुंक गो," ती हळूच म्हणाली. "त्यांचं झालं नाय अजून."