घरचं माणूस

"भाकर लय झकास झाली," नथ्थू म्हणाला.

पंचफुलाचा हात तव्यावरच थबकला. दुसरंच कोणी बोललं की काय, म्हणून तिने वळून पाहिलं. पण घरात दोघांशिवाय होतं कोण? नथ्थू मान खाली घालून जेवत होता. जेवण झालं तसं त्याने ताट उचललं, नळावर नेलं आणि स्वतः घासून पालथं घातलं. पंचफुला बघतच राहिली. तव्यावरची भाकर करपली तरी तिला कळलं नाही.

लग्न होऊन वाशीमकडच्या मालेगावजवळच्या या भाजीच्या मळ्यात आल्यापासून तिने नवऱ्याच्या हातात ताटं दिली होती आणि बदल्यात शिव्या घेतल्या होत्या. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही, कामाला वाघ. फक्त घरात त्याच्या तोंडून गोड शब्द निघायचा नाही. कालवण चांगलं झालं तर मुकाट जेवायचा, बिघडलं तर गाव गोळा करायचा. बाजारात पाण्याचा पेला देणाऱ्या परक्याला मात्र हात जोडायचा.

पंचफुलाला फार काही नको होतं. पाटल्या नकोत, नवी साडी नको. मरायच्या आधी एकदा तरी त्याने आपल्याकडे नीट पाहावं आणि बरं म्हणावं, एवढीच तिची आस होती. ती कोणाला सांगायची सोय नव्हती. या वयात असलं काही बोलली असती, तर शेजारच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या असत्या.

आणि पोळा झाल्यावर हे असं सुरू झालं. भाकरीनंतर दोन-चार दिवसांनी ती कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती, तर हा समोर उकिडवा बसला आणि तिच्या हातांकडे टक लावून पाहू लागला. "काय हात चालून राह्यला!" म्हणाला. "पाहतच बसावं वाटते." पंचफुला नव्या नवरीसारखी लाजली. हातातली जुडी सुटून पसरली.

मग एकदा दिवस कलताना दोडक्याच्या वेलावर फुलं उमलत होती. ज्या वेलाकडे त्याने जन्मभर फक्त माल किती निघेल एवढ्यासाठी पाहिलं, त्याच्यापुढे तो उभा राहिला. "किती पिवळं हाय," असं म्हणाला आणि तिलाही दिसावं म्हणून बाजूला सरकला. दोघं पाहत उभी राहिली. खरं सांगायचं तर तिनेही ती फुलं अशी कधी पाहिली नव्हती. तिचे डोळे भरून आले.

आरडाओरडाही थांबला होता. "अवं, कुठी मेली?" या हाकेने शेजारचं कुत्रंसुद्धा दचकून उठायचं. ती हाक आता येत नव्हती. पाणी हवं असलं तर नथ्थू दाराशी थांबून हळूच मागायचा.

तिने वाशीमला दिलेल्या लेकीला, शुभांगीला, फोन करून सारं सांगितलं. शुभांगी हसेल असं वाटलं होतं. पण ती म्हणाली, "आई, बाबाले एकडाव दवाखान्यात दाखव."

"मानूस गोड बोलून राह्यला म्हनून दवाखान्यात नेऊ काय वं?" पंचफुला फणकारली. "माह्यं सुख खुपून राह्यलं काय तुह्या डोळ्यात?"

तिने फोन ठेवून दिला. जन्मभर वाट पाहून जे मिळालं, ते कोणा डॉक्टरला तपासू द्यायला ती तयार नव्हती.

त्या संध्याकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसली. नथ्थू बांधावर बसला होता. तिने त्याला चहा दिला आणि त्याच्या शेजारी, जरा खेटूनच बसली. नथ्थू अंग चोरून बाजूला सरकला. चहा संपवून त्याने कप खाली ठेवला आणि हात जोडले.

"उपकार झाले, बाई. तुमी लय जीव लावता. पन आता दिवस बुडत आला. तुमच्या घरचे वाट पाहत असतीन."

पंचफुला हसली. मग तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे थट्टा नव्हती आणि ओळखही नव्हती. इतके दिवस तिच्या घरात तो पाहुण्यासारखा वागत होता, आणि ती त्याला सुख समजत होती.

तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला. "तुमच्या घरी कोन हाय?" तिने कसंबसं विचारलं.

"पंचफुला हाय ना माही." त्याचा चेहरा उजळला. "तिच्यासारखी बाई साऱ्या मुलखात नाही. तिच्यानंच उभा हाय हा मळा."

"मंग तिले कदी म्हनलं काय असं?"

"घरच्या मानसाले कोनी म्हनते काय, बाई?" नथ्थूने मळ्यावरून नजर फिरवली. "पन चुकलंच माह्यं. आज म्हनतो." त्याने बांधाच्या वाटेकडे डोळे लावले. "येऊ द्या तिले घरी."