गरीब घोडी

“जनावराजवळ गुपचूप जाऊ नये, बाळ. आधी त्याला आपला आवाज ऐकू द्यावा.”

वडील जाऊन वर्षं लोटली, तरी तबेल्याच्या दारात पाऊल टाकताना तिला त्यांचे हे शब्द ऐकू यायचेच. त्यांचंच बोट धरून ती जनावरांची डॉक्टर झाली होती. आताही दवाखान्यातून आल्या आल्या तिनं हाक मारली, “ठिणगे, मी आलेय गं.”

घोडीचा कानही हलला नाही. पापण्या अर्ध्यावर उतरलेल्या, मान खाली. एरवी हीच लाथांनी फळ्या खिळखिळ्या करायची.

घोडीजवळ एक अनोळखी गृहस्थ उभे होते, त्यांना बिलगून त्यांची मुलगी. त्यांना घोडी विकायला डॉक्टरताईचा धाकटा भाऊ जिभेवर साखर घोळवत होता.

“गाईसारखी गरीब आहे हो. शांता नाव हिचं. शेपटी ओढा, हूं की चूं नाही करणार!”

परवा सुई तिनंच टोचली होती. घोडीच्या पायाची शीर दुखावलेली, आणि घोडी एका जागी ठरेना; म्हणून सर्पगंधेच्या मुळातून काढलेलं ते औषध. ते नुसती गुंगी आणत नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी निरोप पोचवणारी द्रव्यं साठवलेली असतात, ती साठवणच ते मोडून टाकतं. मग भीती नाही, राग नाही, आनंदही नाही; वर पोटही ढिलं होतं. कोठार पुन्हा भरायला कित्येक दिवस लागतात. भरलं, की घोडी पुन्हा होती तशी. हे सगळं तिनंच भावाला समजावलं होतं. किती मन लावून ऐकत होता तो!

“हिचं पोट बिघडलंय का?” खालच्या पातळ लिदीकडे बघत मुलीनं विचारलं.

“ओला चारा जरा जास्त झाला. आणि ही बघा, आमची ताई. घरचीच डॉक्टर, काळजी कसली?”

गृहस्थ वळले. “ताई, मागे एका घोड्यानं पोरीला पाडलं. तेव्हापासून धसका घेतलाय तिनं. तुम्हीच सांगा, बसवू ना हिच्यावर?”

तिनं तोंड उघडलं.

“ताई,” भाऊ गोड हसला, “आईला औषध दिलंस का?”

अंथरुणाला खिळलेली आई त्याच्या घरात होती, आणि तीही. माझ्या व्यवहारात पडलीस तर दोघींनी आपली सोय बघायची, हे तो तिला एकदा सोडून दहादा बजावून चुकला होता.

“घाई करू नका,” एवढंच तिच्या तोंडून निघालं.

मुलगी जवळ आली. “मी पहिल्यांदा बसेन तेव्हा तुम्ही याल?”

“येईन. मी आल्याशिवाय बसायचं नाही. शब्द दे.”

“तुम्ही पण द्या.”

“दिला.”

गृहस्थांनी पैसे मोजले, घरचा पत्ता दिला. घोडीला चढवून त्यांची गाडी फाटकाबाहेर गेली, तसा भावाचा सूर पालटला.

“शब्द कसले देत बसतेस? तिकडे फिरकायचं नाही.”

“औषध उतरल्यावर पोरीला पाडलं तर?”

“ते त्यांचं नशीब. आई आत आहे, ध्यानात ठेव.”

तो जेवून आडवा झाला. ती आईजवळ गेली, उशी सारखी केली, पाणी पाजलं.

“काय गं, काही बोलायचंय का तुला?”

“आई, घोडीचं खरं काय ते सांगायला जायचंय मला. पण कळल्यावर तो आपल्याला इथं ठेवणार नाही.”

आईनं कपाटाकडे बोट दाखवलं.

“माझी ती निळी शाल कपाटात वर आहे,” ती म्हणाली. “इथून निघताना लागेल. तेवढी काढून ठेव, आणि मग जा.”

तिनं शाल काढून पायथ्याशी ठेवली. भावाच्या खोलीचं दार उघडंच होतं. चपला हातात घेऊन ती त्या दारापुढून गेली, आणि फाटकाबाहेर रस्त्याला लागल्यावरच त्या पायात घातल्या.