पुन्हापुन्हा येणारी ओळ

रानशेतची रखमीआत्या धवलेरी, म्हणजे गाणी गाऊन लग्न लावणारी बाई होती. लग्नात एकेका देवाचं नाव घेऊन त्याला मांडवात बोलावणारं गाणं तिच्याच तोंडी होतं. मीडियाच्या कोर्सला असलेल्या भाचीने, प्रगतीने, ते अख्खं शूट केलं.

"तीच ओळ किती वेळा? काप," सर म्हणाले.

प्रगतीने सुरुवातीचे देव ठेवले आणि पुढे आत्याचा आवाज हळूहळू बारीक करत नेला. फिल्मचं कौतुक झालं. लॅपटॉप भरला, तसं तिने मूळ फुटेज उडवून टाकलं.

पावसाळ्यात आत्या गेली.

उन्हाळ्यात गावातल्या मुकेशच्या लग्नात आत्याची सून बारकी गायला बसली. तिने व्हिडिओ बघून बघून गाणं पाठ केलं होतं. सुरुवातीचे देव झाले, आणि तिचा आवाज हळूहळू बारीक होत थांबला.

"अगं, वाघदेव राहिला!" एक म्हातारी ओरडली. "त्याला नाही बोलवायचं?"

"व्हिडिओत सासू इथंच संपवते," बारकी म्हणाली. "विचारा प्रगतीला. तिच्यापुढं अख्खं गायली होती."

सगळ्या बाया प्रगतीकडे वळल्या. ती हेही लग्न शूट करत होती; तिने डोळ्याला लावलेला कॅमेरा खाली केलाच नाही.