पक्ष्याकडे बोट

"बोट ठेवा वहिनी, कुठला पक्षी तो?" दाहूने पुन्हा विचारलं. सावीने दोन्ही हात मांडीखाली सरकवले.

चित्र पुढ्यातच होतं. बुडालेलं जग, नोहाचं तारू, आणि चोचीत पान घेऊन परतणारं कबूतर. अक्षरओळख नसलेल्याने चित्रांवर बोट ठेवत गोष्ट सांगायची, अशी या चर्चची रीत होती. सावीने नोहावर बोट ठेवलं, तारवावर ठेवलं, हत्तीवरसुद्धा ठेवलं. पक्ष्यापाशी येऊन गाडी अडली.

गोष्ट पुरी झाली तर बाप्तिस्मा, आणि बाप्तिस्मा झाला तरच चर्चच्या दफनभूमीत नवऱ्याशेजारी जागा. हायसुल तिथे एकटाच पडला होता. जन्मभर तिच्याशिवाय ज्याला झोप लागली नाही, तो माणूस. आणि हा दाहू त्याचाच धाकटा भाऊ. चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांमध्ये याच्याइतका कडक दुसरा कोणी नव्हता.

"गोष्ट पाठ आहे, विश्वास नाही," दाहू बाकावरच्या इतर वडीलधाऱ्यांना म्हणाला.

तरुण पाळक ल्याव मैदानी भागातून या बुनुन आदिवासींच्या डोंगरात नुकतेच आले होते. त्यांनी हळूच विचारलं, "आजी, अडलंय कुठे?"

"पुरानंतरच्या पक्ष्याकडे बोट करू नये, पाळकबाबा. घर जळतं."

"पण हे तर कबूतर आहे."

"असू दे की! आमच्यातही पूर आला. सगळे बुनुन उंच डोंगरावर चढले. चुली विझल्या. विस्तव आणायला आधी बेडकाला धाडलं, तर त्या शहाण्याने वाटेत पाण्यात बुडी मारली. मग हाइपिस गेला, तो काळा पक्षी. निखारा घेऊन आला. चोच न् पाय भाजून लाल झाले बिचाऱ्याचे. तुमच्यातही आधी कावळा गेला, तोही बिनकामाचाच निघाला ना? मग हा आला. एवढ्या पाण्यावरून आपल्यासाठी आला, त्याचा रंग बघून मान द्यायचा का?"

"अंधश्रद्धा!" दाहू कडाडला. "बोट नाही तर बाप्तिस्मा नाही!"

 हायसुलसाठी सावीने स्वतःचं घरदार पणाला लावलं असतं. पण घरात नातसून बाळंतीण होती. तिने हात काढले नाहीत.

"दाहूकाका, तुम्हीच ठेवून दाखवा ना बोट," पाळक म्हणाले. "आजींची भीती जाईल."

दाहू तावातावाने पुढे आला. त्याने हात उगारला. पक्ष्याच्या वर आल्यावर बोट आपोआप वळलं, मुठीत गेलं. त्याने मदतीसाठी बाकाकडे पाहिलं. एक वडीलधारे छताकडे बघत होते. दुसऱ्यांनी लावलेलंच बटण पुन्हा लावायला घेतलं.

"माझं घर लाकडी आहे," दाहू पुटपुटला.

पाळकांना हसू आवरेना. त्यांनी पुस्तक मिटलं. "आजी, रविवारी बाप्तिस्मा. हायसुलकाकांशेजारची जागा तुमची."

सावीने बाहीने डोळे पुसले. मग आपल्या बाकावर जराशी सरकली.

"या दाहूभाऊजी, बसा इथे. रविवारी दोघांचंही उरकून घेऊ."